चहामळ्यातील वतन कधी संपणार?

या देशात सकाळी चहा पीत नाही असे घर शोधून सापडणार नाही. बंगल्यात चहा होतो, झोपडपट्टीत होतो, आंदोलनाच्या मांडवातही होतो. हा चहा आपल्यापर्यंत पोहोचवणारे हात कोणाचे आहेत, याची चौकशी मात्र फारशी होत नाही. खेड्यातल्या हॉटेलात बाहेर ठेवलेल्या फुटक्या कपात चहा प्यायलेली पिढी आपल्या वस्त्यांतून अजून हयात आहे. कपाला शिवाशीव होती, पण त्यातल्या पानाला कधी शिवाशीव लागली नाही. कारण ते पान खुडणारी बाई मुंडा होती, उरांव होती, संथाळ होती, दक्षिणेत परैयार, पल्लर किंवा अरुंधतियार होती. जातीने ठरवलेली माणसे मळ्यात आणि जातीने ठरवलेला कप हॉटेलात, असा हा व्यवहार आहे. त्याची दुसरी बाजू आपल्याला चांगली ठाऊक आहे. पहिली बाजूही समजून घेतली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आजच हा विषय घेण्याला कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या आणि १९५१ चा मळेकामगार कायदा त्यात विरून गेला. मळेकामगाराला घर, दवाखाना, पाळणाघर आणि शाळा देण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा तो स्वतंत्र कायदा होता. तो किती पाळला गेला हा भाग वेगळा, पण बोट दाखवायला निदान एक कायदा होता. तो गेल्याची बातमी प्रस्थापित वृत्तपत्रांनी उद्योगजगताच्या पानावर छापली. ज्यांच्या घरादाराचा प्रश्न होता त्यांच्याबद्दल तीत फारसे काही नव्हते.

हे मजूर मळ्यात आले कसे, हे आधी पाहू. १८३९ साली आसाम कंपनी स्थापन झाली आणि इंग्रज मळेवाल्यांनी आसामची जंगले तोडून चहा लावला. स्थानिक शेतकरी त्यांच्या अटींवर राबायला तयार होईनात. तेव्हा छोटानागपूर, संथाळ परगणा, ओडिशा, मध्य प्रांत या भागांतून माणसे आणण्यात आली. जमीनदार आणि सावकार यांनी ज्यांची जमीन गिळली होती, ज्यांच्या घरात दुष्काळ होता, अशांना अरकाटी नावाचे दलाल गाठत. मळ्यात सोने पिकते असे सांगत आणि करारावर अंगठा घेत. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत सुमारे ८५ हजार मजूर आसामात उतरवले गेले आणि त्यांतले ३० हजारांहून अधिक १८६६ च्या मध्यापर्यंत मरण पावले. ही सरकारदप्तरी नोंद आहे. १८६५ च्या कायद्याने तर पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार खुद्द मळेवाल्याला देऊन टाकला. दक्षिणेत अरकाट्याच्या जागी कंगाणी होता. तो तमिळ मुलखातल्या अस्पृश्य वस्त्यांत उचल देऊन माणसे बांधायचा आणि डोंगरावर न्यायचा. गावच्या सवर्ण जमीनदाराच्या वेठीतून सुटण्यासाठी माणूस मळ्यात गेला आणि तेथे दुसऱ्या वेठीत अडकला.

हे सारे त्यांनी मुकाट सहन केले असे कोणी समजू नये. मे १९२१ मध्ये सुरमा खोऱ्यातील चारगोला आणि लोंगाई भागांतले हजारो मजूर बायकामुलांसह मळे सोडून गावाकडे निघाले. मळेवाले आणि सरकार यांनी मिळून त्यांची वाट अडवली. २० मे च्या रात्री चांदपूर रेल्वे स्थानकावर झोपलेल्या या माणसांवर गुरखा शिपाई सोडण्यात आले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या प्रसंगाला चार ओळीही मिळत नाहीत. ज्यांचा इतिहास दुसरे लिहितात त्यांच्या वाट्याला हेच येते.

इंग्रज गेले, मळ्यांचे मालक बदलले, मळ्यातली व्यवस्था मात्र फारशी बदलली नाही. देशातील चहा उद्योगात आज दहा लाखांहून अधिक कामगार आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. वर साहेब, त्याखाली बाबू, त्याखाली सरदार आणि सर्वांत खाली पाठीवर टोपली घेतलेली बाई, ही उतरंड अजून तशीच आहे. साहेबाच्या बंगल्यात कोण राहतो आणि लाइनीत कोण राहतो, याची जातवार मोजणी कोणी करीत नाही. केली तर मनूची उतरंडच पुन्हा कागदावर उतरेल. हंगामापुरते घेतलेल्या कामगाराला आसामच्या मळ्यांत ‘फालतू’ म्हणतात. हा शब्द आम्ही तयार केलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो मळ्यात रूढ आहे. ज्या व्यवस्थेला माणसासाठी हा शब्द वापरताना लाज वाटत नाही, तिच्याबद्दल अधिक काय सांगावे!

आता मजुरीकडे पाहू. आसामच्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवसाची मजुरी २५० रुपये झाली आणि बराक खोऱ्यात २२८ रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर २७३ रुपये होता आणि केरळात ३३३. म्हणजे दुष्काळी भागात खडी फोडायला जाणाऱ्या मजुराला सरकार जे देत होते, तेवढेही निर्यातीचा माल तयार करणाऱ्या कुशल कामगाराला मिळत नव्हते. पूर्ण मजुरीसाठी आसामात साधारणपणे दिवसाला २४ किलो पाने खुडावी लागतात. साडेचार किलो ओल्या पानांपासून सुमारे एक किलो चहा तयार होतो. म्हणजे एक बाई दिवसभरात पाच किलोंहून अधिक चहाची पाने खुडते. आपल्या वस्तीतल्या किराणा दुकानात मध्यम प्रतीच्या एक किलो चहाला काय पडते, ते वाचकांना माहीत आहे. त्याला पाचने गुणावे आणि अडीचशे रुपयांशी ताडून पाहावे. मधला पैसा कारखाना, लिलाव, वाहतूक, दलाली, जाहिरात आणि नफा यांत वाटला जातो. सर्वांत लहान वाटा टोपलीवालीचा असतो.

मजुरी वाढते ती वीस-तीस रुपयांनी आणि तीही बहुधा निवडणुका जवळ आल्या की. आसामात भाजपने ३५१ रुपयांचे आश्वासन दिले होते. काँग्रेसने २०२१ च्या निवडणुकीत ३६५ रुपयांची हमी जाहीर केली. मते घेऊन झाली आणि २०२३ साली आकडा २५० वर थांबला. मळ्यातील मत दोघांनाही पाहिजे, पण मळ्यातील माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिलेला दोघांनाही नको आहे.

मजुरीचा विषय काढला की मळेमालक सांगतात, रोख मजुरी कमी दिसते, पण आम्ही घर देतो, रेशन देतो, सरपण देतो, औषधपाणी देतो, ते धरले तर मजुरी चांगली भरते. हा युक्तिवाद आमच्या वाचकांना ओळखीचा वाटेल. महार वतनाच्या बाबतीत हेच सांगितले जात होते. महाराला इनाम जमीन आहे, बलुते आहे, मग त्याने गावाचे काम करायला का कुरकुर करावी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा या युक्तिवादाची चिरफाड केली. वतनाची जमीन म्हणजे मोबदला नव्हे, ती दावण आहे, हे त्यांनी दाखवून दिले. तुकडाभर जमिनीसाठी महार चोवीस तास सरकारचा आणि गावाचा बांधील होई. तो स्वतः हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला पकडून कामाला जुंपता येई. जमीन सुटू नये म्हणून वेठ सुटत नसे आणि वेठ सुटत नाही म्हणून माणूस गावाबाहेर पडून दुसरे काही करू शकत नसे.

मळ्यातील लाइनीचे घर म्हणजे याच वतनाचा आजचा अवतार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. घर कंपनीचे, घराखालची जमीनही कंपनीची किंवा सरकारने कंपनीला भाडेपट्ट्याने दिलेली. पाच पिढ्या त्याच घरात जन्मल्या आणि मेल्या, तरी सातबारावर तर सोडाच, साध्या घरपट्टीच्या कागदावरही त्यांचे नाव नाही. घर टिकवायचे तर घरातील एकाने तरी मळ्यात कामाला असलेच पाहिजे. बाई निवृत्त झाली की तिच्या जागी मुलगी किंवा सून बदलीवर लागते. नाही लागली तर खोली खाली करावी लागेल ही भीती असते. शिकलेल्या मुलीने शहरात नोकरी शोधली तर आईबापांचे छप्पर जाते. मग ती टोपली उचलते. बाहेरून पाहणारे म्हणतात, या लोकांना शिक्षणाची आवड नाही, यांची मुले मळ्यातच रमतात. महारांविषयीही असेच बोलले जात होते. मुले मळ्यात रमत नाहीत. घराच्या भाड्यापोटी एक माणूस मळ्यात ठेवावा लागतो, इतका साधा हा हिशेब आहे.

मालकाचे घर मजुराचे तोंडही बंद करते. शहरातल्या कामगाराने संप केला तर त्याची नोकरी जाते. मळ्यातल्या कामगाराची नोकरी गेली की त्याच दिवशी घर, पाणी, दवाखाना, मुलांची शाळा, शेजार सारे जाते. ज्याचे सर्वस्व एकाच माणसाच्या मुठीत आहे तो त्या माणसाशी बरोबरीने वाटाघाट कशी करणार? कामगार संघटना असूनही मळ्यातील मजुरी देशातल्या इतर संघटित उद्योगांच्या मागे का राहिली, या कोड्याचे उत्तर येथे आहे.

कायदा काय करीत होता, असे कोणी विचारील. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४४ साली डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर चौकशी समिती नेमली गेली. मळ्यांतील मजुरांच्या स्थितीवरचा रेगे यांचा अहवाल १९४६ साली आला आणि त्यानंतरच्या हालचालींतून १९५१ चा मळेकामगार कायदा झाला. तेव्हा केंद्रात जगजीवनराम मजूरमंत्री होते. घर, पाणी, संडास, दवाखाना, पाळणाघर, शाळा हे सारे मालकाने द्यावे असे कायद्याने सांगितले. कागदावर कायदा चांगला होता. पण मळ्याच्या फाटकाच्या आत तपासणी अधिकारी क्वचितच जात आणि गेला तरी मुक्काम साहेबाच्या बंगल्यात होत असे. आजही अनेक लाइनींत गळके छप्पर, उघडी गटारे आणि दहा घरांना एक नळ ही स्थिती आहे. जागतिक बँक समूहाने ज्या चहा कंपनीत पैसे गुंतवले होते, तिच्या आसामातील मळ्यांबद्दल खुद्द त्या समूहाच्याच तक्रार निवारण यंत्रणेने २०१६ साली घरे, आरोग्य आणि मजुरी यांबाबत गंभीर त्रुटी नोंदवल्या. २०१८ ते २०२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, तर आसामात १९५. देशातला हा सर्वांत वाईट आकडा होता आणि चहाच्या पट्ट्यातील रक्तक्षयाने पोखरलेल्या बाया त्यात मोठ्या संख्येने आहेत. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतीच्या रजेचा भार मालकाने उचलावा म्हणून बाबासाहेब बोलले होते. शंभर वर्षे होत आली, तरी बाळंतपणाच्या तोंडावर टोपली वाहणारी बाई मळ्यात दिसते.

नव्या श्रमसंहितेने या सोयी नाममात्र ठेवल्या आहेत. पण मालकाने त्या स्वतःच्या खर्चाने द्याव्यात किंवा केंद्र, राज्य, नगरपालिका, पंचायत यांच्या योजनांतून द्याव्यात, अशी मुभा त्यात आहे. सरकारी योजना मळ्यापर्यंत पोहोचाव्यात याला आमचा विरोध नाही. मळेकामगारही या देशाचा नागरिक आहे. पण मजुरी ठरवताना घराचा खर्च मजुरीत धरायचा आणि घर बांधताना सरकारी योजनेकडे बोट दाखवायचे, ही दुहेरी कमाई झाली. सरकारच्या पैशाने घर बांधले तर ते घर आणि त्याखालची जमीन कामगाराच्या नावावर झाली पाहिजे. अन्यथा सरकारच्या पैशाने मालकाची दावण पक्की होईल.

हे घर किती कच्च्या धाग्याने लटकलेले असते हे पाहायचे तर तामिळनाडूतील मांजोलैकडे पाहावे. तिरुनेलवेली जिल्ह्यातील या डोंगरावरचे मळे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीकडे होते. कंपनीचे मुख्य कार्यालय आपल्या मुंबईत. सिंगमपट्टीच्या जमीनदाराकडून १९२९ साली सुमारे ८,३७४ एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली गेली. राबायला माणसे आली ती बहुसंख्य दलित. मजुरीवाढीसाठी आणि तुरुंगात टाकलेल्या साथीदारांच्या सुटकेसाठी २३ जुलै १९९९ रोजी या कामगारांचा मोर्चा तिरुनेलवेलीच्या जिल्हाधिकारी कचेरीवर गेला. पोलिसांनी तो ताम्रपर्णी नदीच्या काठी गाठला आणि लाठीमार केला. माणसे जीव वाचवण्यासाठी नदीत उतरली. सतरा जण मेले, त्यांत दीड वर्षाचे एक मूल होते. पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याने पोलिसांना दोष दिला नाही.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात दहा भीमसैनिक गोळीबारात पडले. त्यानंतर दोन वर्षे बारा दिवसांनी ताम्रपर्णीचे पाणी लाल झाले. रमाबाई नगर आपल्या काळजावर कोरलेले आहे. मांजोलैचे नाव मात्र महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि ज्या कंपनीचे ते मळे होते तिची कचेरी रमाबाई नगरपासून लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. मांजोलैची जमीन राखीव जंगल ठरली. पट्टा २०२८ साली संपणार होता, पण कंपनीने त्याआधीच मळे सोडायचे ठरवले आणि २०२४ च्या जूनमध्ये कामगारांना स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरे रिकामी करण्यास सांगितले. मळे सरकारी चहा महामंडळाने चालवावेत, निदान आम्हाला राहती जागा द्यावी, अशी मागणी घेऊन कामगार मद्रास उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने मळे चालू ठेवण्याची मागणी फेटाळली. पाच पिढ्यांनी डोंगर फुलवला. कंपनीने पंच्याण्णव वर्षे पीक घेतले. आता जंगल जंगलाचे आणि नफा कंपनीचा. ज्यांचे आजे-पणजे त्याच मातीत पुरले आहेत त्यांना काही रक्कम आणि सरकारी पुनर्वसनाचा शब्द. जंगल वाचावे हे आम्हालाही मान्य आहे, पण जंगल वाचवण्याची किंमत नेहमी भूमिहीनानेच का मोजावी?

केरळातील मुन्नारने याच प्रश्नाची आणखी दोन रूपे दाखवली. सप्टेंबर २०१५ मध्ये तेथील मळ्यांतल्या तमिळ दलित बायांनी बोनस कपातीविरुद्ध संप केला. त्यांनी सर्व पक्षांच्या कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांना मांडवाबाहेर काढले. आमच्या वतीने वाटाघाटी करणारे आणि मालकाकडून सवलती घेणारे पुढारी आम्हाला नकोत, असे त्या म्हणाल्या. पेंबिलै ओरुमै म्हणजे स्त्रियांची एकजूट, या नावाने त्या उभ्या राहिल्या आणि नऊ दिवसांत वीस टक्के रक्कम पदरात पाडून घेतली. त्यानंतर मजुरी २३२ वरून ३०१ वर आली. डाव्या, उजव्या, मधल्या अशा साऱ्या संघटना वर्षानुवर्षे जे करू शकल्या नाहीत ते या न शिकलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या बायांनी केले. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. ज्या संघटनांनी त्यातला एकच शत्रू मानला त्यांच्या पुढारीपणात कामगाराची जात कधी आलीच नाही. मुन्नारने त्याचा हिशेब मागितला.

दुसरे रूप पेट्टिमुडीचे. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री मुन्नारजवळच्या या वस्तीवर डोंगर कोसळला आणि मळ्यातल्या लायमांच्या, म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या खोल्यांच्या, रांगा गाडल्या गेल्या. सत्तर माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी कोळीकोडला विमान अपघात झाला. राज्य सरकारने विमानातील मृतांच्या वारसांना दहा लाख जाहीर केले आणि पेट्टिमुडीच्या मृतांच्या वारसांना पाच लाख. मेल्यावरही माणसाचा भाव कोणत्या जागी मेला यावर ठरतो. दरडीखालची ती जागा त्या माणसांनी निवडली नव्हती. मालकाने खोली दिली तेथे ती राहत होती.

आणि मळाच बंद पडला तर? उत्तर बंगालच्या डुआर्समध्ये २००२ नंतर एकामागून एक मळे बंद पडले, मालक रातोरात निघून गेले, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी बुडाला. कामगार नदीपात्रात दगड फोडून जगले, अनेक उपासमारीने आणि आजाराने मेले. घर सोडून जावे तर उभ्या आयुष्याची थकबाकी बुडते आणि राहावे तर पोट भरत नाही. थकबाकीसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१० साली आदेश झाला, तो पाळला गेला नाही म्हणून अवमानाची याचिका झाली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने एकट्या आसामातील पंचवीस मळ्यांत २८,५५६ कामगारांचे ४१४.७३ कोटी रुपये येणे असल्याचे मान्य केले. मजुराने कोर्टात चकरा मारायच्या, न्यायमूर्तींनी हिशेब करायचा, आणि तोवर हिशेब मागणारा म्हातारा मरून जायचा. बँकेचे कर्ज बुडवणाऱ्याची चर्चा सर्वत्र होते. कामगाराचा भविष्य निर्वाह निधी बुडवणाऱ्याची होत नाही.

आसामातील मळेकामगारांवर आणखी एक अन्याय आहे. झारखंडमध्ये, ओडिशात, बंगालमध्ये मुंडा, उरांव, संथाळ हे अनुसूचित जमातीत आहेत. तीच माणसे आसामात इतर मागासवर्गात धरली जातात. गेल्या दीडशे वर्षांत इंग्रजांनी त्यांना हलवले आणि आता संविधानाचे संरक्षण त्यांच्यासाठी राज्याच्या सीमेवर थांबते. आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. धर्म बदलला म्हणून बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत नाकारल्या होत्या. माणसाची सामाजिक स्थिती तीच, कागद मात्र वेगळा. परप्रांतातून आलेल्याला मूळ राज्यातला दाखला चालत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निवाडाही मुंबईच्याच एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशावरून झाला. अनुसूचित जमातीच्या दर्जासाठी २४ नोव्हेंबर २००७ रोजी गुवाहाटीच्या बेलतोला भागात आदिवासींचा मोर्चा निघाला तेव्हा जमावाने मोर्चेकऱ्यांना तुडवले आणि एका आदिवासी मुलीला भररस्त्यात विवस्त्र केले. खैरलांजीला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. आपण कोणत्या देशात राहतो हे या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

मळेमालकांची बाजूही ऐकली पाहिजे. लिलावातील चहाचे दर खर्चाच्या मानाने वाढले नाहीत, खते आणि इंधन महागले, आता देशातला निम्म्याहून अधिक चहा लहान उत्पादकांकडून येतो आणि मोठ्या मळ्यांना त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते, हे त्यांचे म्हणणे पूर्ण खोटे नाही. पण पुडीतला चहा विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा नफा घटल्याचे कोणी ऐकले आहे काय? तोटा असेल तर तो लिलावाच्या आणि पुडीच्या मध्ये कोठे मुरतो ते शोधावे. तोट्याच्या नावाखाली दरवेळी टोपलीवालीचाच घास काढून घेणे हा व्यवसाय नव्हे. दुसरे असे की, चहा तोट्यात असल्याचे सांगितले जाते तेव्हाच मळ्याच्या जमिनीवर पर्यटनाची हॉटेले उभी करण्याची परवानगी मिळते. पश्चिम बंगालने २०१९ साली मळ्याच्या पंधरा टक्के जमिनीला अशी मुभा दिली आणि २०२५ मध्ये ती तीस टक्क्यांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. हॉटेलासाठी जमीन मोकळी होते, पण पाच पिढ्या राहणाऱ्याच्या खोलीसाठी मात्र कायद्याच्या अडचणी निघतात.

म्हणून आमच्या मते या प्रश्नाची किल्ली जमिनीत आहे. मजुरी वाढली पाहिजे, किमान वेतन सर्व मळ्यांना लागू झाले पाहिजे, थकबाकी मिळाली पाहिजे, आसामातील आदिवासींना त्यांचा दर्जा मिळाला पाहिजे. पण घर मालकाचे असेपर्यंत यातले काहीही टिकणार नाही. महार वतन १९५८ च्या कायद्याने गेले तेव्हा जमीन सेवेपासून सुटली. तेच मळ्यात झाले पाहिजे. लाइनीतले घर आणि त्याखालची जागा कामाच्या अटीशिवाय त्या कुटुंबाच्या, आणि त्यातही बाईच्या, नावावर व्हावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये आसाम विधानसभेने लाइनीतील जमिनीचा हक्क कामगारांना देण्यासाठी जमीनधारणा कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. तोंडावर निवडणूक होती हे खरे, तरीही या पावलाचे आम्ही स्वागत करतो. मात्र कायदा झाला म्हणजे सातबारा झाला असे नव्हे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले, आणि तरीही गायरानाची जमीन नावावर करण्यासाठी मराठवाड्यातल्या आपल्या माणसांना आजतागायत चकरा माराव्या लागतात. कागद हातात पडेपर्यंत पाठपुरावा करणारी संघटना लागते, हा आपला अनुभव मळ्यातल्या भावंडांच्या उपयोगी पडावा.

महाराष्ट्रात चहाचे मळे नाहीत, मग आम्हाला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. मळ्यांच्या मालक कंपन्यांची कार्यालये मुंबईत आहेत, चहाचे मोठे गिऱ्हाईक महाराष्ट्र आहे आणि मळ्यातला माणूस आपल्याच रक्ताचा आहे. बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला तेव्हा त्यांच्यासमोर केवळ मुंबईचा गिरणी कामगार किंवा कोकणातले खोताचे कूळ नव्हते, या देशातला प्रत्येक कष्टकरी होता. आपल्या कामगार संघटनांनी मळेकामगारांच्या, विशेषतः मुन्नारच्या स्त्रियांसारख्या स्वतंत्र संघटनांशी संपर्क साधावा. आपल्या वकिलांनी श्रमसंहितेच्या राज्य नियमांवर हरकती नोंदवाव्यात. आपल्या खासदारांनी लाइनीतील घरांच्या हक्काचा प्रश्न संसदेत विचारावा. आणि दरवर्षी ११ जुलैला रमाबाई नगरात अभिवादन करून परतताना कार्यकर्त्यांनी २३ जुलैची तारीखही वस्तीच्या फलकावर लिहावी. ताम्रपर्णीत बुडालेले सतरा जण आपलेच शहीद आहेत, हे महाराष्ट्राने त्यांच्या माणसांना सांगितले पाहिजे.